सोडवावा की कापावा? : पिकअपच्या शॉकमधल्या जाम बोल्टचा प्रश्न

पिकअप ट्रकचे मागचे शॉक (शॉक ॲब्सॉर्बर) बदलणे हे कागदावर सोपे काम आहे. प्रत्येक बाजूला दोन बोल्ट, एक वर चॅसिसला आणि एक खाली ॲक्सलला. जुना शॉक उतरवायचा, नवा चढवायचा, बोल्ट आवळायचे. ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यात घरासमोरच्या ड्राइव्हवेवर हे काम एका दुपारी आटोपते. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग किंवा कॅनडातला ऑन्टॅरिओ इथे हीच गाडी दहा हिवाळे धावलेली असली, तर मात्र पहिल्याच बोल्टला पाना लावल्यावर काम थांबते. नट सुटतो आणि बोल्ट निघत नाही, किंवा नटच सुटत नाही, किंवा सगळेच एकत्र गोल फिरू लागते.

अशा वेळी काय करावे याबद्दल अमेरिकेत घरी काम करणारे लोक, व्यावसायिक मेकॅनिक, तेलाचे डबे विकणाऱ्या कंपन्या आणि धातूचा अभ्यास केलेले इंजिनिअर यांच्यात जुना मतभेद आहे. तेल मारून वाट पाहा, असे काही म्हणतात. तापवा, असे काही म्हणतात. आणि बराच मोठा गट सरळ कापून टाका म्हणतो. प्रश्न किरकोळ वाटेल, पण त्यामागे पैशाचे गणित आहे. गॅरेजमध्ये मजुरीचा दर तासाला सर्रास १०० ते २०० डॉलर असतो, आणि जाम बोल्ट निघाला की अंदाजपत्रकाला अर्थ उरत नाही. म्हणून माणूस घरी करायला जातो, आणि तिथेच अडकतो.

या वादाशी मराठी माणसाचा संबंध दोन ठिकाणी येतो. डेट्रॉइटच्या आसपास, नोव्हाय, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स या उपनगरांत, पुण्याहून गेलेल्या ऑटोमोबाइल इंजिनिअरांची मोठी वस्ती आहे. आठवडाभर संगणकावर सस्पेन्शनची चित्रे काढणाऱ्यांपैकी काहींना शनिवारी तेच सस्पेन्शन उताणे पडून पाहावे लागते. दुसरा संबंध कोकण किनाऱ्याचा. त्याकडे पुढे येऊ.

मीठ रस्त्यावर कसे आले

रस्त्यावरच्या बर्फासाठी मीठ वापरण्याची अमेरिकेतली सुरुवात न्यू हॅम्पशायर राज्याच्या १९३८ सालच्या प्रयोगापासून धरतात. त्याआधी वाळू आणि राख टाकत. दुसऱ्या महायुद्धानंतर हायवे वाढले, मोटारी वाढल्या, आणि बर्फ थांबल्यावर काही तासांत रस्ता काळाभोर दिसलाच पाहिजे अशी अपेक्षा रुजली. आज त्या देशात रस्त्यावर पडणारे मीठ वर्षाला दोन कोटी टनांच्या घरात जाते. गंमत अशी, की ज्या डेट्रॉइटची ओळख मोटारींचे शहर अशी आहे, त्याच शहराच्या खाली, साडेतीनशे मीटरहून खोल, मिठाची खाण आहे आणि तिथले मीठ रस्त्यांसाठीच जाते.

गेल्या काही दशकांत पद्धत बदलली. कोरड्या मिठाच्या जोडीला खारे पाणी फवारतात, तेही बर्फ पडायच्या आधी. कडाक्याच्या थंडीत साधे मीठ निकामी होते म्हणून मॅग्नेशियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइड वापरतात. साधे मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की ओले होते. मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांच्या आसपासच ओले होऊन बसते. म्हणजे गाडी कोरडी दिसत असतानाही तिच्या फटींमधले मीठ ओलेच असते आणि गंज चढत राहतो. फवाऱ्यामुळे हे पाणी थेंबाच्या रूपाने बारीकसारीक फटींतही शिरते.

कोकणात रस्त्यावर कोणी मीठ टाकत नाही, ते हवेतून येते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतेच. पावसाळ्यात आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली क्वचितच उतरते. त्यात रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याहून मासळी वाहणाऱ्या टेम्पोंच्या हौद्यातून बर्फाचे खारट पाणी थेट चॅसिसवर आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर गळत असते. त्या गाड्यांखाली जे दिसते ते मिशिगनच्या पिकअपखाली दिसते त्यापेक्षा फार वेगळे नसते. फरक गॅरेजमध्ये पडतो. मेस्त्रीचा वेळ स्वस्त, गॅस कटर हाताशी. नट हलला नाही की ‘मार कटर’ म्हणायचे आणि नवा बोल्ट टाकायचा. अमेरिकेत ज्यावर इतकी चर्चा होते तो निर्णय इथे चर्चेविना होऊन जातो.

बोल्ट अडकतो तो नेमका कुठे

इथे थोडे थांबायला हवे, कारण माझ्या मते या वादातला निम्मा गोंधळ याच जागी होतो. ‘जाम बोल्ट’ म्हणून जे सरसकट बोलले जाते त्यात किमान तीन वेगळे आजार असतात. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिला आजार आट्यांचा. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये गंज भरतो. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा किमान दुप्पट जागा घेतो. पाणी धरलेला गंज तर सहापटीपर्यंत फुगतो. बंद जागेत फुगायला वाव नसला की तो आटे एकमेकांवर दाबून धरतो. शॉकच्या वरच्या टोकाला जिथे दांडीवर रबर, वायसर आणि नट अशी रचना असते, तिथे हा त्रास नेहमीचा. नटाच्या वर उघडे राहिलेले आटे गंजलेले असतात आणि नटाला त्यांच्यावरून यायचे असते. शिवाय दांडी पकडायला जागा अपुरी. नट फिरवला की आतली दांडीही फिरते.

दुसरा आजार नळीचा, आणि शॉकच्या बाबतीत खरा खलनायक हाच. शॉकच्या खालच्या डोळ्यात रबरी बुश असतो आणि त्याच्या मधोमध पोलादी नळी. बोल्ट या नळीतून आरपार जातो. बोल्ट आवळला की गाडीवरच्या कंसाचे (ब्रॅकेटचे) दोन कान नळीला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. नळी फिरत नाही, शॉकची हालचाल रबर पिळून होते. बोल्ट आणि नळी यांच्यात मिलिमीटरच्या काही दशांशांची फट असते. तिथे खारे पाणी शिरते आणि बाहेर पडायला वाट नसते. काही वर्षांत चार-पाच सेंटिमीटर लांबीची ती सगळी फट गंजाने भरून जाते. बोल्ट आणि नळी एकच वस्तू होतात.

त्याची खूण अशी. नट सहज सुटलेला असतो, पण बोल्टचे डोके फिरवले की रबर पिळले जाते आणि पाना सोडला की डोके स्प्रिंगसारखे मागे येते. हातोडा मारला तरी तेच. धक्का गंजापर्यंत पोचायच्या आत रबर तो गिळून टाकते.

तिसरा आजार अडकलेल्या नटाचा. काही गाड्यांत वरचा बोल्ट चॅसिसला आतून वेल्ड केलेल्या नटात जातो. गंजामुळे बोल्ट आणि नट एक झाले आणि जोर लावला, तर वेल्ड तुटते. मग नट चॅसिसच्या बंद पेटीत मोकळा फिरत राहतो. आत पाना घालायला जागा नसते. अशा वेळी चॅसिसला भोक पाडून नट पकडावा लागतो, नाहीतर बोल्टचे डोके कापून उरलेला भाग ड्रिलने काढावा लागतो. तिन्हींत महागडा हाच.

यांत एक चौथाही प्रकार जोडता येईल. सस्पेन्शनचा कंट्रोल आर्म ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट पोलादाचा असेल, तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंची विद्युत-रासायनिक जोडी जमते, ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी फटीत ठासून बसते. शॉक बदलताना हा प्रसंग कमी येतो, म्हणून पुढे जातो.

तेलाचा पक्ष

गंज सोडवणाऱ्या तेलाच्या समर्थकांचे म्हणणे साधे आहे. सगळ्यात कमी नुकसान करणारा उपाय आधी करावा. तारेच्या ब्रशने उघडे आटे घासावेत, तेल मारावे, रात्रभर ठेवावे, पुन्हा मारावे. शक्य असेल तर काम सुरू करण्याच्या काही दिवस आधीपासून रोज मारावे. त्यामागचे तत्त्व केशाकर्षणाचे. पातळ, कमी पृष्ठताण असलेला द्रव बारीक फटीत आपोआप ओढला जातो.

कोणते तेल, यावर मात्र घराघरांत पंथ आहेत. डब्ल्यूडी-४० सगळ्यांना ठाऊक. १९५३ साली सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने ते बनवले आणि ॲटलस क्षेपणास्त्राच्या पातळ पोलादी कवचावर गंज चढू नये म्हणून ते वापरले गेले. पाणी हटवणे हे त्याचे मूळ काम. म्हणून जुने मेकॅनिक ते जाम बोल्टला मारताना दिसले की नाक मुरडतात. त्यांची निष्ठा क्रॉइल, पीबी ब्लास्टर किंवा लिक्विड रेंचवर. आणि एक घरगुती मिश्रण आहे, ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल निम्मे-निम्मे.

या मिश्रणाची कीर्ती झाली ती ‘मशिनिस्ट्स वर्कशॉप’ या अमेरिकन नियतकालिकाच्या एप्रिल २००७ च्या अंकातल्या चाचणीमुळे. त्या चाचणीचे म्हणून सर्वत्र फिरणारे आकडे असे : गंजलेला नट सोडवायला काही न लावता ५१६ पौंड जोर, डब्ल्यूडी-४० लावून २३८, पीबी ब्लास्टरने २१४, लिक्विड रेंचने १२७, क्रॉइलने १०६, आणि घरगुती मिश्रणाने फक्त ५३. आकडे इतके ठळक आहेत की जवळजवळ वीस वर्षे तेच उगाळले जात आहेत.

आक्षेप तीन प्रकारचे आहेत. एक, दोन जाम बोल्ट कधीच सारखे जाम नसतात. त्यामुळे थोड्या नमुन्यांवरून तेलांची क्रमवारी लावणे धाडसाचे. दोन, ॲसिटोन आणि गिअरबॉक्सचे तेल एकमेकांत नीट मिसळत नाहीत. बाटली हलवून लगेच ओतले नाही तर दोन थर होतात. ॲसिटोन भराभर उडून जाते, रंग आणि प्लास्टिक खाते, आणि शून्याखाली २० अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकेल इतकी वाफ सोडते. तीन, आणि मला हा आक्षेप सर्वात वजनदार वाटतो : या चाचण्या आट्यांवरच्या आहेत. चार-पाच सेंटिमीटर लांब नळीत ठासून भरलेल्या गंजात तेल दोन्ही टोकांकडून थोडेसे शिरते आणि थांबते. केशाकर्षणाला मोकळी फट लागते, इथे फटच उरलेली नसते. म्हणजे तेलाचा पक्ष पहिल्या आजारात बरोबर, तिसऱ्यात उपयोगी, आणि दुसऱ्यात बहुतेक वेळा हतबल.

आगीचा पक्ष

उत्तरेकडच्या गॅरेजमधले मेकॅनिक तेलावर फार वेळ घालवत नाहीत. ते नट लालबुंद करतात. पोलाद तापले की दर अंशाला मीटरमागे १२ मायक्रोमीटर पसरते. १२ मिलिमीटरचे भोक ३०० अंशांनी तापवले तर सुमारे ०.०४ मिलिमीटरने मोठे होते. आकडा लहान वाटतो, पण गंजाची पकड मोडायला पुष्कळ होतो. नट तापून पसरला आणि आतला बोल्ट तुलनेने थंड राहिला, तर दोघांत फट पडते. नंतर थंड होताना गंजाच्या थरालाही तडे जातात. काही जण तापलेल्या नटाला मेणबत्तीचे मेण लावतात. ते वितळून आट्यांत ओढले जाते.

यात साधनांचा फरक मोठा. ऑक्सि-ॲसिटिलीनची ज्योत ३,००० अंशांच्या वर जाते आणि नट काही सेकंदांत लाल करते, म्हणजे बोल्टला तापायला वेळच मिळत नाही. घरी असते ती प्रोपेनची टॉर्च. तिची ज्योत २,००० अंशांच्या आसपास आणि उष्णता हळू देणारी, त्यामुळे नटाबरोबर बोल्टही तापतो आणि फायदा निम्म्यावर येतो. अलीकडे हातात धरायची इंडक्शनची यंत्रे आली आहेत. वेटोळे नटाभोवती घालायचे, आणि ज्योतीशिवाय नट लाल. महाग आहेत, पण आसपासच्या ब्रेकच्या नळ्या आणि वायरी वाचतात.

विरोध करणाऱ्यांचे मुद्दे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. शॉकच्या पोटात दाबाखाली नायट्रोजन असतो, एकनळी शॉकमध्ये काही वेळा ३०० पौंड प्रति चौरस इंचाच्या वर. शॉकचे नळकांडे तापवणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. बुशचे रबर पेटते आणि त्याचा धूर छातीत बसतो. चॅसिसवर मारलेले मेणाचे किंवा तेलाचे लेपण आग पकडते. आणि ज्यांनी आधी क्लोरीनयुक्त ब्रेक-क्लीनर फवारला असेल त्यांनी तिथे ज्योत न्यायचीच नाही, कारण त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. शिवाय उच्च ताकदीच्या बोल्टला कारखान्यात जे उष्णतेचे संस्कार दिलेले असतात ते लाल होईपर्यंत तापवल्यावर नाहीसे होतात. १०.९ श्रेणीचा बोल्ट तसा राहत नाही. म्हणून आग वापरली की तो बोल्ट आणि नट परत वापरायचा नाही, यावर दोन्ही पक्षांचे एकमत आहे.

जोराचा पक्ष

तिसरा पक्ष यंत्राच्या जोरावर विश्वास ठेवतो. बॅटरीवर चालणारी अर्ध्या इंचाची इम्पॅक्ट गन आता १,००० फूट-पौंडांहून जास्त, म्हणजे साधारण १,३५० न्यूटन-मीटर जोराचा दावा करते. १२ मिलिमीटरचा १०.९ श्रेणीचा बोल्ट आवळायला सुमारे १२० न्यूटन-मीटर लागतात. म्हणजे हातातले यंत्र बोल्टच्या दहापट. पूर्वी लांब पाईप टॉमीवर चढवून दोघांनी लटकायचे ते काम आता बोटाने होते.

याच्या बाजूने भक्कम युक्तिवाद असा की एकसारख्या जोरापेक्षा ठोक्यांनी गंज लवकर फुटतो, आणि बोल्ट तुटायची शक्यता पाईपच्या तुलनेत कमी असते. सहा कोनांची गोटी (सॉकेट) वापरली तर डोके गोल होत नाही. बारा कोनांची गोटी गंजलेल्या डोक्यावर घसरते, हा अनुभव सर्वांचा. अनेक जण आधी किंचित आवळून मग सोडायला सांगतात, पुढे-मागे, पुढे-मागे, म्हणजे गंजाचा चुरा आट्यांतून बाहेर पडतो. काही जण याच सल्ल्याला विरोध करतात. आधीच ताणलेल्या बोल्टला आणखी आवळून काय मिळणार, असे ते विचारतात. दोन्ही बाजूंचे लोक अनुभवी आहेत.

पाना हातात असणाऱ्याला एक गोष्ट कळते जी यंत्र लपवते. बोल्ट तुटण्याआधी मऊ लागतो. फिरतोय पण सुटत नाही, असा. तिथे थांबले तर बोल्ट वाचतो. इम्पॅक्ट गनवर ती जाणीव होत नाही आणि डोके हातात येते. वेल्ड केलेल्या नटाच्या बाबतीत म्हणूनच बरेच मेकॅनिक गनचा खटका लगेच दाबत नाहीत, आधी तापवतात. आणि नळीच्या आजारात गन रबर पिळत बसते.

कापण्याचा पक्ष

शेवटचा पक्ष संख्येने वाढतो आहे, आणि रस्त्यावर मीठ पडणाऱ्या भागांत तो जवळजवळ रूढ झाला आहे. त्याचे तर्कशास्त्र असे : जुना शॉक टाकूनच द्यायचा आहे. त्यातला बुश आणि नळीही त्याच्याबरोबर जाणार. बोल्ट काही डॉलरचा. जपायचा आहे तो फक्त कंस आणि चॅसिस. मग टाकून द्यायच्या दोन वस्तू एकमेकींपासून सोडवण्यात रविवार का घालवायचा? कंसाचे कान आणि बुश यांच्यामधल्या फटीत पुढे-मागे चालणाऱ्या करवतीचे पाते घालून बोल्ट दोन्हीकडे कापायचा. शॉक खाली पडतो, कानांत उरलेले तुकडे ठोकून बाहेर. कडक बोल्टला साधे पाते टिकत नाही, कार्बाइडच्या दातांचे लागते. वरच्या दांडीच्या बाबतीत एक जुनी युक्ती अजून चालते. दांडीवर खोल गोटी किंवा पाईप घालून ती उलटसुलट वाकवायची, काही वेळाने दांडी थकून तुटते. तेल नको, आग नको.

विरोधकांचे म्हणणे, ही हार आहे आणि तिला किंमत पडते. करवतीला जागा नसली तर कंसाचे कान कापले जातात. घरी अँगल ग्राइंडर वापरणारे ब्रेकच्या नळीवर ठिणग्या उडवतात. नवा बोल्ट नेमक्या श्रेणीचा आणि लांबीचा मिळेपर्यंत गाडी उभी. हार्डवेअरच्या दुकानातला त्याच जाडीचा पण कमी श्रेणीचा बोल्ट टाकून वेळ मारून नेणारे असतातच. ८.८ आणि १०.९ या श्रेणींत ताकदीचा फरक चौथ्या हिश्श्याचा आहे. या आक्षेपांना कापणाऱ्यांचे उत्तर एकच : नवे बोल्ट आधी मागवा, मग गाडीखाली जा. मला हे उत्तर पटते, पण ते नळीच्या आजारापुरते. वेल्ड केलेल्या नटातल्या बोल्टचे डोके आधी कापून टाकणारा माणूस स्वतःसाठी ड्रिलचे काम ओढवून घेतो.

गाडीखाली झोपताना

याबाबत पक्ष नाहीत, म्हणून थोडक्यात. जॅकवर टेकलेल्या गाडीखाली जायचे नाही, घोडी (जॅक स्टँड) लावायचीच. आणि घोडीवरही आंधळा विश्वास नको. २०२० साली अमेरिकेत एका मोठ्या दुकानसाखळीने विकलेल्या ३ आणि ६ टनांच्या लाखो घोड्या परत बोलावल्या गेल्या, कारण वजन सरकल्यावर त्यांचे दाते निसटू शकत होते. जाम बोल्टवर जोर लावताना गाडी हलते, हे ध्यानात ठेवून चाक काढले असेल तर तेही चॅसिसखाली सरकवून ठेवतात. मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असेल तर काही गाड्यांत ॲक्सल किती खाली जायचा ते शॉकच ठरवतो. तिथे ॲक्सलला आधार दिल्याशिवाय बोल्ट काढायचा नाही. पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉक एकत्र असेल तर वरच्या मधल्या नटाला हातही लावायचा नाही. दबलेल्या स्प्रिंगची सगळी ताकद त्या एका नटावर असते.

परत बसवताना

पुन्हा असे होऊ नये म्हणून नव्या बोल्टला अँटिसीझ लावावे का? हा वाद वरच्या सगळ्यांपेक्षा तांत्रिक आहे, आणि मला वाटते जास्त महत्त्वाचाही. अँटिसीझ म्हणजे तांबे, निकेल किंवा ॲल्युमिनियमची पूड घातलेले ग्रीस. लावणाऱ्यांचे म्हणणे, पुढच्या वेळी बोल्ट हाताने सुटतो. विरोधकांचे म्हणणे, टॉर्कचा आकडा बदलतो. पाना आपण फिरवतो तेव्हा बहुतेक जोर घर्षणात जातो, बोल्ट ताणण्यात थोडाच. आट्यांना ग्रीस लावले की टॉर्क आणि ताण यांना जोडणारा गुणांक साधारण ०.२० वरून ०.१५ किंवा त्याखाली येतो. त्याच टॉर्कला बोल्टवरचा ताण तिसऱ्या हिश्श्याने किंवा आणखी वाढतो. उत्पादकांचे आकडे बहुधा कोरड्या, कारखान्यातून आलेल्या बोल्टसाठी असतात.

मधला मार्ग असा सुचवला जातो की आटे स्वच्छ ठेवावेत आणि अँटिसीझ फक्त बोल्टच्या गुळगुळीत दांड्याला आणि नळीच्या आत लावावे. आजार तिथलाच, तर औषधही तिथेच. यावरही एक शंका आहे. कंसाचे कान नळीच्या टोकांना घर्षणाने पकडून ठेवतात, आणि ग्रीस तिथवर पसरले तर ती पकड सैल होऊ शकते. पण काळजीपूर्वक लावले तर हा धोका दुरुस्तीच्या त्रासापेक्षा लहान आहे, असे मला वाटते.

एक गोष्ट मात्र वादातीत आहे आणि तरी घरी काम करताना हमखास राहून जाते. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर, चाकांवर किंवा ॲक्सल उचलून तितक्याच स्थितीत असताना. ॲक्सल लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुश लवकर फाटतो.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न प्रयोगशाळेचा. गंजरोधक लेपांची पारखणी मिठाच्या फवाऱ्यात ठेवून करण्याची एएसटीएम बी ११७ ही पद्धत १९३९ पासून चालत आलेली आहे. तीत नमुना सतत ओला असतो. खऱ्या गाडीवर ओले-सुके, गार-गरम अशी चक्रे चालतात, म्हणून पुढे एसएई जे २३३४ सारख्या चक्रीय चाचण्या आल्या. तरीही त्या मुख्यतः पृष्ठभागावरच्या गंजासाठी आहेत. दहा हिवाळ्यांनंतर बोल्ट नळीतून निघेल का, हा प्रश्न लेपाच्या चाचणीत आपसूक येत नाही.

दुसरा प्रश्न लेपांचा. युरोपात जुलै २००८ पासून नव्या गाड्यांच्या चॅसिसच्या बोल्टवरच्या लेपांत षट्संयोजी क्रोमियम वापरता येत नाही, आणि जागतिक बाजारामुळे त्याचा परिणाम अमेरिकेतल्या गाड्यांवरही झाला. त्या क्रोमियमचे जुने पिवळसर छटेचे बोल्ट जास्त टिकत, असे बऱ्याच वयस्कर मेकॅनिकांचे ठाम मत आहे. लेप बनवणारे म्हणतात की नवे जस्ताच्या पापुद्र्यांचे लेप त्याहून सरस आहेत. विषारी क्रोमियम गेले याचे दुःख कोणालाच नाही. पण दोघे वेगवेगळ्या काळातले, वेगवेगळ्या प्रमाणात मीठ खाल्लेले बोल्ट समोर ठेवून बोलतात, त्यामुळे तुलना जमत नाही.

तिसरा प्रश्न जबाबदारीचा. २०१६ साली टोयोटाने टाकोमा, टुंड्रा आणि सिकोया या गाड्यांच्या गंजणाऱ्या चॅसिसबद्दलचा सामूहिक दावा ३.४ अब्ज डॉलरपर्यंतच्या तडजोडीने मिटवला. चॅसिसला भोक पडले की गाडी धोकादायक ठरते आणि दावा उभा राहतो. बोल्ट जाम झाला तर गाडी चालत राहते, फक्त दुरुस्ती महाग होते. तो खर्च मालक आणि मेकॅनिक आपसात वाटून घेतात. कारखान्यातल्या हिशेबात तो दिसत नाही. आणि रचनेत पर्याय नाहीत असेही नाही. काही पिकअपच्या पुढच्या शॉकच्या खालच्या टोकाला आरपार बोल्टऐवजी एक आडवी पट्टी असते. ती दोन लहान बोल्टांनी आणि चिमट्यासारख्या बसवायच्या नटांनी कंट्रोल आर्मला धरतात. त्यात लांब नळी नाही. बोल्ट तुटला तर चिमटा-नट काढून नवा सरकवता येतो. तीच गाडी मागच्या बाजूला मात्र नळी आणि आरपार बोल्ट घेऊन येते.